दुसऱ्या रांगेतली वर्षं

पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधल्या सेक्टर सहाच्या विहारात दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्रपालीचा कॉम्प्युटरचा वर्ग भरायचा. वर्ग कसला, चार जुने लॅपटॉप, एक एक्स्टेंशन बोर्ड आणि शाळेतल्या सात-आठ पोरी. सप्टेंबरातल्या त्या रविवारी धोंडबा रामटेके दारात चपला काढून आत आले, बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडले आणि सरळ पोरींच्या रांगेत मांडी घालून बसले. पोरींना वाटलं, काका वर्गणीचं पुस्तक घेऊन आलेत. एकीनं तर दप्तरातून दहाची नोट काढलीसुद्धा.

"वर्गणी नाई," धोंडबा म्हणाले. "मले शिकाचं हाय."

पोरी तोंडाला ओढण्या लावून हसल्या. आम्रपाली हसली नाही. ती जवळच सुपेल्यात एका सीएच्या ऑफिसात कामाला होती आणि तिथं आठवडाभर इतक्या तऱ्हेची माणसं बघायची की साठीचा विद्यार्थी आला तर तिला त्याचं नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. शिवाय धोंडबाकाका तिच्या वडिलांच्या ओळखीचे होते. लहानपणी तिनं त्यांच्या क्वार्टरच्या अंगणातले पेरू चोरले होते आणि काकांना ते माहीत होतं.

"काय शिकायचं, काका? टायपिंग? ईमेल?"

"एकच गोस्ट. बाकी काई नको."

असं म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला एक फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. धोंडबा महिनाअखेरीला, तीस तारखेला, कारखान्यातून रिटायर होणार होते. नोकरीत जमलेल्या पेन्शनच्या पैशातून विमा कंपनी त्यांना दरमहा पेन्शन देणार होती, आणि ती कशी हवी ते पंचवीस तारखेच्या आत फॉर्मवर टिक करून सांगायचं होतं. पहिला चौकोन: दरमहा तेरा हजार दोनशे, धोंडबा जिवंत असेपर्यंत. दुसरा चौकोन: दरमहा अकरा हजार चारशे, धोंडबा असेपर्यंत धोंडबांना आणि त्यांच्यामागे त्यांच्या बायकोला, ती असेपर्यंत. एकदा टिक केली की ब्रह्मदेव आला तरी ती बदलता येणार नव्हती.

"चंपत म्हनते पयला घे," धोंडबा म्हणाले. "अठराशे रुपये दर महिन्याले कोन सोडते बे, म्हनते. पोरगा राजदीप बी फोनवर तेच बोल्ला. मले कोनाचं ऐकून टिक नाई करायची. तुमच्या ऑफिसात म्हने कॉम्प्युटर सांगते, पुढचे सारे पैसे आज किती रुपयांचे हायेत ते. ते मले शिकव. मी माह्या हातानं करीन."

चंपत वैद्य हा त्यांचाच जोडीदार, जूनमध्ये रिटायर झालेला. डोळे मिटून त्यानं पहिल्या चौकोनात टिक केली होती आणि आता भेटेल त्याला तो तोच चौकोन वाटत फिरत होता. अशा माणसांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. स्वतः केलं ते बरोबर होतं हे पटवून घ्यायला त्यांना आणखी चारजण लागतात.

आता हा धोंडबा माणूस कसा, ते सांगायला हवं. भंडारा जिल्ह्यातलं लाखांदूरकडचं गाव, दीड एकर धानाची शेती आणि खाणारी तोंडं सात. इथं कारखान्यात असलेल्या मामाच्या क्वार्टरात राहून आयटीआय केलं आणि एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली कारखान्यात लागले. तेव्हापासून छत्तीस वर्षं जमिनीपासून साठ-सत्तर फूट उंचावर, क्रेनच्या केबिनमध्ये. खाली वितळलेल्या पोलादानं भरलेली भलीमोठी बादली असते, तिला तिथं लॅडल म्हणतात. ती उचलायची, हळूच पलीकडे न्यायची आणि ठेवायची. हिंदकळू द्यायची नाही, कारण खाली माणसं उभी असतात.

त्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, आवाज एवढा की गळा फाडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू येत नाही. म्हणून खालचा माणूस हातानं खुणा करतो आणि वरचा त्या वाचतो. धोंडबांची बोलायची सवय तिथंच गेली. घरीही त्यांचा कारभार हातवाऱ्यांवर. तळहात खाली दाबला की पंखा कमी करा, दोन बोटं फिरवली की चहा. लग्नानंतर पहिली दोन वर्षं रुक्माबाईंना वाटायचं, नवरा रुसलाय. मग कळलं की हा माणूस रुसलेला नाही, फक्त क्रेनवरून उतरलेला नाही.

आणि त्यांचा एक नेम होता. कितीही घाई असो, लॅडल आधी फक्त वीतभर उचलायची. तिथं थांबायचं. ब्रेक धरतो का, वजन एका बाजूला झुकत नाही ना, बघायचं, आणि मगच वर न्यायची. नवे पोरगे कंटाळायचे. धोंडबा छत्तीस वर्षांत एकदाही कंटाळले नाहीत.

आम्रपालीनं त्यांना आधी मूळ गोष्ट सांगितली. पुढच्या वर्षी मिळणारे शंभर रुपये आजचे शंभर नव्हेत. बँकेचं व्याज सात टक्के धरलं तर आज साधारण साडेत्र्याण्णव रुपये ठेवले की वर्षानं त्याचे शंभर होतात. मतलब पुढच्या वर्षीच्या शंभराची आजची किंमत साडेत्र्याण्णव. वीस वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची त्याहून कितीतरी कमी. दर महिन्याचा प्रत्येक हप्ता असा एकेक करून आजपर्यंत मागे आणायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. एवढं काम मशीन एका फंक्शनमध्ये करतं, त्याचं नाव पीव्ही.

"त्याला तीन गोष्टी सांगायच्या, काका. महिन्याचं व्याज किती, हप्ते किती, आणि एक हप्ता केवढ्याचा. बस."

धोंडबांनी मान हलवली, आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पहिला आकडा त्यांनी पेन्शनचा टाकलाच नाही. व्याज शून्य, हप्ते बारा, हप्ता शंभराचा, असं एका बोटानं शोधून शोधून टाइप केलं आणि एंटर दाबलं.

पडद्यावर लाल रंगात, पुढे वजाची रेघ असलेले बाराशे उमटले. धोंडबांनी हात असा मागे घेतला की पोरी दचकल्या. त्यांच्या जगात लाल म्हणजे थांब, लाल म्हणजे खाली माणूस आहे.

"काई बिघडवलं का मी?"

"नाही हो काका. बरोबर आहे. मशीनला वाटतं, महिन्याला शंभर तुम्हाला मिळणार असतील तर त्यासाठी आज बाराशे तुमच्या हातातून गेले. गेले ते वजा. तुम्ही हप्त्याच्या आधी वजा टाका, उत्तर सीधा येईल."

त्यांनी वजा टाकला. काळ्या रंगात, सरळ, बाराशे आले. व्याज नसेल तर शंभराचे बारा हप्ते म्हणजे बाराशेच, हे धोंडबांना मशीनशिवायही माहीत होतं. त्यांना मशीन तपासायचं होतं. आम्रपाली बघत राहिली. तिच्या ऑफिसात टायवाले लोक मोठमोठे आकडे टाकून येईल ते उत्तर खरं मानून निघून जात. वीतभर उचलून थांबणारा तिनं हा पहिलाच बघितला.

मग पेन्शन. पहिली रांग. व्याज सात टक्के भागिले बारा. हप्ता तेरा हजार दोनशे, आधी वजा. आणि मधल्या खान्यात, हप्ते किती?

"काका, ही पेन्शन तुम्ही असेपर्यंतची आहे," आम्रपाली हळू म्हणाली. "म्हणजे इथं अंदाजे..."

"माह्ये महिने टाकाचे."

"हो."

धोंडबांनी वर छताकडे पाहिलं. त्यांचे वडील सत्तराव्या वर्षी गेले होते. मोठा भाऊ एकोणसत्तराव्या. आपल्याला त्याहून जास्त का मिळावं, असं काही कारण त्यांना सापडेना. सत्तरातून साठ गेले, दहा वर्षं, दहा बारे एकशे वीस. त्यांनी एक, दोन, शून्य, असं टाइप केलं, भाजीच्या पिशवीत तीन कांदे टाकावेत इतक्या सहज. आम्रपालीनं उगाच चष्मा काढून पुसला.

अकरा लाख छत्तीस हजार आठशे अडुसष्ट.

मग दुसरी रांग. हप्ता अकरा हजार चारशे, महिने पुन्हा एकशे वीस. उत्तर आलं, नऊ लाख एक्क्याऐंशी हजार आठशे चाळीस. पहिला चौकोन दीड लाखानं पुढे. धोंडबांनी हातानं 'झालं' अशी खूण केली आणि फॉर्म उचलला.

"म्हंजे चंपत खरं बोलून राह्यला."

"काका, थांबा ना. दुसऱ्या रांगेत काकू कुठं आहेत?"

"कोन काकू?"

"अहो, रुक्माकाकू! दुसरी पेन्शन तुमच्यामागे काकूंना मिळणार. मग तिथं पण एकशे वीस कावून टाकले तुम्ही? तुम्ही संपलात म्हणून ती पेन्शन संपत नाही."

धोंडबांनी फॉर्म परत खाली ठेवला. चूक साधी होती, शाळेतल्या पोरीनंही पकडली असती. पण ती त्यांच्या हातून झाली याला कारण होतं, आणि ते कारण तिथं टाउनशिपमध्ये राहिलेल्यालाच कळेल. तिथं सगळं माणसाच्या नंबरवर चालतं. कारखान्यात लागला की नंबर मिळतो, आणि मग क्वार्टर त्या नंबरचं, विजेचं बिल त्या नंबरचं, दवाखान्याचं पुस्तक त्या नंबरचं. रुक्माबाईंना तापात स्वतःचं वय आठवत नसे पण नवऱ्याचा नंबर त्या झोपेतही सांगत. आणि नंबरवाला संपला की सगळं त्याच्याबरोबर आवरायचं, हे धोंडबांनी छत्तीस वर्षं आजूबाजूला बघितलं होतं. किल्ली द्यायची, पास द्यायचा, ट्रकमध्ये सामान भरायचं. आपल्यानंतरही एखादी गोष्ट चालू राहू शकते, हे त्यांच्या बोटांना सुचलंच नाही.

"रुक्मा नऊ वर्षांनं लहान हाय," ते शेवटी म्हणाले. "एकावन्न. तिची माय चौऱ्याऐंशीची हाय, गावाले अजून मिरच्या कुटते."

"मग तीस वर्षं धरू या? तीनशे साठ."

तीनशे साठ टाकताच दुसरी रांग सतरा लाख तेरा हजार पाचशे सहावर गेली.

धोंडबा त्या आकड्याकडे बघत बसले. एकशे वीस वजा जाता उरलेले दोनशे चाळीस महिने, वीस वर्षं, रुक्मा एकटी असणार होती, आणि त्यांनी एका एंटरनं तिची ती वर्षं शून्य करून टाकली होती. टिक करून मोकळेही झाले असते. खाली माणूस उभा असताना न बघता लोड सोडला असता, तर जसं वाटलं असतं तसं त्यांना वाटलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं. या पोरीनं थांबवलं म्हणून बरं. फार फार बरं. त्यांनी आम्रपालीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटा, तू मले वाचवलं," ते म्हणाले.

"काकूंना घरी दाखवा हे," ती म्हणाली. "दुसरा चौकोन असेल तर त्यांची सही, फोटो, सगळं लागतं. पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी लॅपटॉप घेऊन येते."

आठवडाभर धोंडबांनी घरी त्या आकड्यांचं काही सांगितलं नाही. सांगायचं कसं हेच कळेना. इकडे घर आवरायला निघालं होतं. क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून टाउनशिपबाहेर बोरसीला दोन खोल्या भाड्यानं बघून ठेवल्या होत्या, महिना साडेसहा हजार. रुक्माबाई भांडी कागदात गुंडाळत होत्या आणि गुंडाळता गुंडाळता हिशेब करत होत्या. भाडं, गॅस, दूध, रोजची औषधं. अठराशे रुपये म्हणजे त्या हिशेबात दूध आणि भाजी. हे त्यांनाही कळत होतं आणि धोंडबांनाही.

रविवारी आम्रपाली आली. रुक्माबाईंनी आलूबोंडे तळले होते. टेबलावरचं सामान बाजूला सारून लॅपटॉप उघडला गेला, आणि धोंडबांनी त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे बोट दाखवून, दोन रांगा समजावल्या. जिथं बोट पुरेना तिथं आम्रपाली बोलली. रुक्माबाई चौथी शिकलेल्या, पण आकडे त्यांना चांगले कळत. बचत गटाची वही बारा वर्षं त्यांच्याकडेच होती.

"हे एकशे वीस कायचे?" त्यांनी विचारलं.

आम्रपाली बोंड्याकडे बघू लागली.

"माह्ये महिने," धोंडबा म्हणाले.

"कायचे महिने?"

"राह्यलेले."

रुक्माबाईंनी हातातला झारा ताटात ठेवला. "कोनं सांगितलं तुमाले? ब्रह्मदेवानं फोन केला होता का?"

"बाबा सत्तरले गेले, दादा एकोनसत्तरले..."

"तुमचे बाबा पेत होते! तुमी पेता का? दादा रोज दोन बंडल बिड्या ओढत. तुमी ओढता का? अन् कावून मरायचा हिशोब करून राह्यले तुमी, चांगले जेवून-खावून बसले त? पोरी, पूस ते एकशे वीस. सरक. कुठी दाबाचं ते मले सांग."

आणि तेल लागलेल्या बोटानं त्यांनी स्वतः नवऱ्याच्या खान्यात तीनशे साठ टाकले. पहिली रांग एकदम एकोणीस लाख चौऱ्याऐंशी हजारांवर चढली. दुसरी तिथंच, सतरा लाख तेरा हजारांवर.

"आता कोनतं मोठं?"

"वरचं, काकू. पण..."

"मंग वरचंच भरा." रुक्माबाई उठल्या. "संपलं. तुमी हाय तोवर मले काय कमी हाय? अन् तुमी नाई, त मले ते पैसे बी नको."

आम्रपालीनं ऑफिसात पुष्कळ भांडणं बघितली होती, पण ती सगळी जास्त मिळावं म्हणून. मला नको म्हणून भांडणारी बाई तिनं बघितली नव्हती. आणि गणित तर रुक्माबाईंच्याच बाजूनं होतं. नवरा नव्वद वर्षं जगणार असेल तर पहिला चौकोनच फायद्याचा. बाईनं मायेपोटी नवऱ्याचं आयुष्य वाढवलं होतं, आणि त्याच मायेनं स्वतःच्या म्हातारपणावर काट मारली होती.

धोंडबांनी खान्यात दोनशे चाळीस टाकले. "वीस धर माह्ये. बाबापेक्षा धा जास्त. तरी पाय, तुही रांग अकरा हजारानं वर हाय."

"वीस नाई. तीस."

"पंचवीस?"

"तीस म्हनलं ना! भाजी घेऊन राह्यले का भाव करून?"

धोंडबांनी हात वर करून काहीतरी खूण करायला घेतली, आणि हात खाली आला. खुणेत बसणारी ती गोष्ट नव्हती. ते बोलायला लागले. बोलले ते टेबलाकडे बघत, अडखळत, पण बोलले.

"रुक्मा, नाइट शिफ्टच्या आठवड्यात तू दिवसा कुकर लावत नव्हती."

"म्हंजे?"

"डाळ तू उघड्या गंजात शिजवत होती. दोन-दोन घंटे. शिट्टी होईन म्हनून. खिडकीले चादर लावे. भंगारवाला आला की पळत जाऊन त्याले रस्त्यावरच गप करे. राजदीपले अंगनात खेळू देत नव्हती, पार त्या वडाजवळ पाठवे. तुले वाटे, मी झोपलो, मले मालूम नाई. मले सारं मालूम होतं."

"मंग? झोपाचं नाई का मानसानं?"

"झोपलो म्हनून त जगलो. वर डुलकी लागली की खाली मानूस जाते, रुक्मा. छत्तीस वर्षं झाले, माह्या क्रेनखाली एक मानूस दुखला नाई. तीस तारखेले मले हार घालतीन, भाषन करतीन, शाल देतीन. मी तिथं उभा राहून काय सांगू त्याइले? की मी लय हुशार होतो? झोप माही होती, पन ती राखली तू. छत्तीसातले तेहतीस वर्षं. मी तुले एक बार बी नाई म्हनलं, की तुह्ये उपकार हायेत. लाज वाटे. आज म्हनून राह्यलो."

तेहतीस वर्षांच्या संसारात धोंडबा एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. आम्रपालीला वाटलं आपण इथं नसावं, आणि असंही वाटलं की आपण इथं आहोत हे आपलं नशीब.

"अन् त्या दिवशी विहारात," धोंडबा म्हणाले, "मी तुह्या खान्यात बी माह्येच महिने टाकले होते. मी खतम, त सारं खतम. तू पुढे कशी राहशीन, ते माह्या ध्यानातच नाई आलं. या पोरीनं सांगितलं. पयल्या चौकोनात मले जगावंच लागते, नाई त तू उघड्यावर. दुसऱ्यात मी जगो का मरो, तुह्या घरी पयल्या तारखेले पैसे येतीन. मले तसं पायजे. तेवढं मले करू दे."

रुक्माबाई आत गेल्या. आतून नळाचा आवाज आला, बराच वेळ. आम्रपालीनं एक थंड बोंडा उगाच दोन भागात तोडला. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं आणि पदरानं पुसलेलं होतं.

"तुमी जागे होते, त सांगाचं तरी होतं," त्या म्हणाल्या. "मी दोन घंटे गंजापाशी बसे. एकटीच." पण त्या रागावल्या नव्हत्या. उलट त्यांच्या तोंडावर असं काहीतरी होतं, जसं एखाद्या बाईनं वर्षानुवर्षं कुणाला न सांगता केलेल्या कामाची पावती अचानक पोस्टातून यावी. त्या खुर्ची ओढून बसल्या. "कुठी सही कराची?"

आम्रपालीनं दाखवलं. धोंडबांनी दुसऱ्या चौकोनात टिक केली. आधी पेन टेकवून थांबले, एकदा बायकोकडे बघितलं, मग ओढली. खाली त्यांच्या सहीशेजारी रुक्माबाईंनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, रुक्मा धोंडबा रामटेके, एकेक अक्षर वेगळं, बचत गटाच्या वहीत लिहायच्या तसं. फोटो चिकटवला. आम्रपालीनं फॉर्मच्या दोन्ही बाजू मोबाइलवर काढून घेतल्या आणि लॅपटॉप मिटायला हात लावला.

"थांब," रुक्माबाई म्हणाल्या. "एक आखरी कर. ते अठराशे रुपये जे हे दर महिन्याले सोडून राह्यले, त्याचं बी आजचं काढ. यांचे वीस वर्षं धर. चाल, वीस कबूल केले मी."

आम्रपालीनं तिसरी रांग केली. व्याज तेच, महिने दोनशे चाळीस, हप्ता अठराशे. एंटर दाबलं.

"दोन लाख बत्तीस हजार एकशे अडुसष्ट रुपये. आणि वर काही पैसे."

रुक्माबाईंनी तो आकडा स्वतः वाचला, बोट ठेवून, लाखापासून सुट्या रुपयांपर्यंत. "एवढे यांनी मले देले?"

"हो, काकू. आजच्या किमतीनं. पण हे पूर्ण वीस वर्षांचं आहे ना. काका तेवढी वर्षं राहिले, तर त्यांनी तेवढे सोडले. आधीच काही..." तिनं जीभ चावली.

पण रुक्माबाईंना कळलं होतं. त्या क्षणभर आकड्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघत राहिल्या. साठ वर्षांचा माणूस, केस विरळ झालेले, भुवया छत्तीस वर्षांच्या धगीनं जळून जवळजवळ गेलेल्या.

"आयकलं का?" त्या म्हणाल्या. "दोन लाख बत्तीस हजार एकशे अडुसष्ट. हे तुमी मले देऊन राह्यले, त मले पूरे पायजेत. एक रुपया बी कमी घेनार नाई मी."

"देतो," धोंडबा म्हणाले.